दाभोळच्या तरीवर

मंठ्याच्या माणसाला खारे पाणी ठाऊक असते ते लोणारचे. ते उल्केचे विवर आमच्या गावापासून फार दूर नाही. शाळेची सहल तिथे गेली, की विवराच्या काठावर उभे राहून 'समुद्राचं पाणी असंच असतं का हो सर?' असे एखादे पोर हमखास विचारते. पूर्वीच्या मास्तरांनी बहुधा समुद्र पाहिलेला नसे. 'असंच, पण मोठं असतं,' असे सांगून ते पोरांना पुन्हा रांगेत उभे करीत. समुद्र म्हणजे मुंबई, समुद्र म्हणजे चौपाटीवर काढलेला फोटो, समुद्र म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी प्रदेश. दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या मध्ये राहणाऱ्या आम्हा लोकांचा त्याच्याशी काही संबंध असेल, असे आमच्या मनातही येत नाही.

याला इतिहासही थोडा जबाबदार आहे. मराठवाडा सतरा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या एवढ्या थोरल्या राज्याला समुद्राचा वीतभर किनारा नव्हता. ही उणीव खुद्द निजामालाही बोचत असे. गोव्याचे मार्मागोवा बंदर आपल्या उपयोगाला यावे म्हणून शेवटच्या दिवसांत त्याने पोर्तुगालकडे प्रयत्न करून पाहिले होते. ते फसले. राज्य गेले, प्रांत महाराष्ट्रात आला, महाराष्ट्राला सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा लाभला. पण 'समुद्र आपला नाही' ही सवय काही गेली नाही.

वास्तविक ही सवय तशी अलीकडची. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या आमच्या दोन गावांची नावे आहेत. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई आणि पुढे रोमन साम्राज्यात पोचे. नंतर बहमनी काळात राजधानी बीदरला गेली, तेव्हा दख्खनला समुद्राचे एक हक्काचे दार मिळाले. त्या दाराचे नाव दाभोळ.

गेल्या ऑक्टोबरात, दसरा होऊन सोयाबीनची पोती घरात आल्यावर, आम्ही उभयता हे दार पाहायला निघालो.

शरदाचे दिवस मुद्दाम निवडले होते. कोकणचा समुद्र पावसाळ्यात माणसाला जवळ येऊ देत नाही. आषाढ-श्रावणात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकून ठेवलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच कोळी-खारवी पुन्हा पाण्यात उतरतात. हा नुसता रिवाज नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातल्या जुन्या घरांतून अजून त्या बोटीची आठवण निघते. आता खाडीतल्या फेऱ्यांना मोठ्या, रुंद बुडाच्या बोटी आल्या आहेत, तरीही तरीचा प्रवास करावा तो शरदातच. पाणी निवळलेले असते, डोंगर अजून हिरवे असतात आणि खाचरांतले हळवे भात कापणीला आलेले असते.

आमच्या मंठ्याचे एक भाग्य असे, की दाभोळची वाट आमच्या दारातूनच सुरू होते. शेगावहून लोणारमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग मंठ्यातून पुढे परतूर, माजलगाव, केज, कळंब, बार्शी, टेंभुर्णी, अकलूज, म्हसवड असा थेट साताऱ्याच्या बाजूला जातो. आमच्याकडची बहुतेक मंडळी टेंभुर्णीपाशी पंढरपूरकडे वळतात आणि विठोबाचे दर्शन घेऊन परत फिरतात. पलीकडे काय आहे, याची चौकशी सहसा होत नाही. आम्ही सरळ पुढे गेलो. एक मुक्काम वाटेत केला, दुसऱ्या दिवशी उंब्रजवरून पाटणकडे वळलो आणि दुपारी कोयनानगरला पोचलो.

कोयनेपाशी मात्र थांबलेच पाहिजे, कारण दाभोळची निम्मी गोष्ट इथे आहे. कोयना ही मुळात कृष्णेची उपनदी. तिचा स्वभाव पूर्वेकडे जाण्याचा. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून ती बंगालच्या उपसागराला जाते. पण सह्याद्रीचा कडा इथून हाकेच्या अंतरावर, आणि कड्याखाली कोकण. या उंचीचा फायदा घेऊन वीज करावी, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. स्वातंत्र्यानंतर तो अमलात आला. धरण बांधले, डोंगराच्या पोटातून बोगदे काढले, पोफळीला जमिनीखाली वीजघर उभारले, आणि १९६२ पासून कोयनेचे पाणी कडा उतरून पश्चिमेला जाऊ लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप या प्रकल्पाने सोसला. १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला आतून छिद्र पाडण्याचा, 'लेक टॅपिंग'चा, अवघड प्रयोग इथे झाला. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्रात संध्याकाळी दिवे लागतात त्यात कोयनेचा वाटा मोठा असतो. मंठ्यातही.

पण वीज केल्यावर त्या पाण्याचे काय होते? ते पोफळीच्या खाली बाहेर पडते, कोळकेवाडीच्या धरणात थांबून पुन्हा एकदा वीज देते आणि मग वाशिष्ठी नदीला मिळते. वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत जाते, तिची खाडी होते आणि ती खाडी दाभोळला समुद्रात शिरते.

ऑक्टोबरात शिवसागर जलाशय काठोकाठ भरलेला असतो. आमच्या सौभाग्यवती बराच वेळ तो पाहत उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या लहान होत्या. आईबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जाऊन तिथे मिळणारी सुकडी त्यांनी खाल्लेली आहे. भरलेले धरण पाहिले की त्या बोलत नाहीत.

कुंभार्ली घाट हा कऱ्हाड आणि चिपळूण यांना जोडणारा जुना मार्ग. आता तिथून ट्रक धूर सोडीत चढतात, पूर्वी बैलांचे तांडे चढत. शरदात घाटाच्या उतारांवर सोनकीची पिवळी फुले असतात आणि कड्यावरून उतरणारे शेवटचे ओहोळ अजून आटलेले नसतात. घाट उतरलो, पोफळी मागे पडली, चिपळूणला वाशिष्ठीचा पूल ओलांडला. २२ जुलै २०२१ रोजी याच नदीने चिपळूण शहर बुडवले होते. पाणी घरांच्या वरच्या मजल्यापर्यंत गेले होते, हे तिथल्या चहावाल्याने हात उंचावून दाखवले. आमच्याकडे पाण्याची खूण हाताने दाखवायची ती विहिरीत खाली वाकून.

रात्री गुहागरला राहिलो. सकाळी व्याडेश्वराचे दर्शन घेतले आणि धोपाव्याच्या धक्क्यावर आलो. समोर रुंद खाडी, पलीकडे माडांत बुडालेले दाभोळ.

नदी किंवा खाडी ओलांडण्याच्या नावेला आणि त्या जागेलाही कोकणात 'तर' म्हणतात. पूर्वी इथे लहान होड्या आणि लाँच चालत. माणसे जात, पण गाडीला चिपळूण, खेड, दापोली असा तासन्‌तासांचा वळसा पडे. २००३ मध्ये सुवर्णदुर्ग शिपिंग या स्थानिक कंपनीने मोटारी वाहून नेणारी फेरीबोट इथे सुरू केली. पुढे वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड, दिघी-आगरदांडा अशा आणखी खाड्यांवर तशाच बोटी आल्या. बोट म्हणजे एक सपाट लोखंडी अंगणच. पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकली, की आधी पलीकडची वाहने उतरतात, मग खलाशी हातवारे करीत इकडच्या गाड्या वितीवितीच्या अंतराने रचतो. पोतीवाले टेम्पो, मोटारसायकली, पुण्याच्या पाट्या लावलेल्या गाड्या, आणि त्यांच्या फटींतून वाट काढणाऱ्या मासेवाल्या बायका. तिकिटे फाडली जातात, फळी वर उचलली जाते, इंजिनाचा आवाज बदलतो, आणि धक्का कधी सुटला हे कळतही नाही.

आम्ही वरच्या मजल्यावर कठड्याशी उभे राहिलो. डाव्या हाताला खाडीचे मुख, तिथे अंजनवेलचा गोपाळगड आणि त्यापलीकडे उघडा समुद्र. त्याच बाजूला डोंगरावर वीज प्रकल्पाच्या चिमण्या. १९९० च्या दशकात 'दाभोळ' हे नाव रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होते, ते या प्रकल्पामुळे. एन्रॉनच्या कंपनीने नाव घेतले दाभोळचे, पण प्रकल्प उभा राहिला खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. १९९९ मध्ये तिथे वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, कंपनी बुडाली आणि काही वर्षांनी सरकारी कंपन्यांनी तो प्रकल्प हाती घेतला. बँकेत असताना मोठ्या कर्जाचा विषय निघाला, की साहेब लोक दाभोळचे उदाहरण देत. खरे दाभोळ मात्र या सगळ्या काळात समोरच्या काठावर नारळ सोलत बसले होते.

शेजारी टोपली घेऊन एक मावशी बसल्या होत्या. आमची बोली ऐकून त्यांनी विचारले, 'कुठनं आलात?'

'जालन्याकडून. मंठा.'

'लांब आहे?'

'दोन दिवस लागले.'

'आमचं दाभोळ बघायला दोन दिवस?' त्या हसल्या. 'आमची पोरं तर बघायची राहिली, मुंबईला गेली.'

एवढे बोलणे होते तो बोट दाभोळला लागली.

धक्क्यापासून थोड्याच अंतरावर दाभोळची शाही मशीद आहे. नारळांच्या गर्दीतून आधी घुमट दिसतो, मग चार मिनार आणि मग काळ्या दगडाची ती सबंध, रेखीव वास्तू. विजापूरच्या इमारती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ओळख पटायला वेळ लागत नाही. हे आदिलशाही हातचे काम आहे. गावात आख्यायिका सांगतात, की विजापूरच्या राजघराण्यातली एक स्त्री हजला जाण्यासाठी मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. समुद्र सुरक्षित नाही म्हणून तिचे जाणे राहिले, आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने या मशिदीला लावले. आख्यायिका आख्यायिकेच्या जागी. पण दख्खनच्या पठारावरची माणसे समुद्रापार जायला दाभोळला येत, हे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि ते खरे आहे.

येणारी माणसेही इथेच उतरत. १४५३ च्या सुमारास इराणातल्या गिलानचा एक व्यापारी दाभोळच्या धक्क्याला लागला आणि इथून बीदरला गेला. तो महमूद गवान. व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनी राज्याचा वजीर झाला. कोकणचे किनारे राज्याच्या हाती असावेत म्हणून त्याने सह्याद्रीत मोहिमा काढल्या, १४७२ मध्ये गोवा घेतला, बीदरला मोठा मदरसा बांधला. दरबारातल्या कारस्थानाने १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या मदरशाचे अवशेष बीदरला अजून उभे आहेत. आमच्या नांदेड-लातूरकडची मंडळी ते पाहून येतात, पण तो कोणत्या धक्क्यावर उतरला होता हे कोणी विचारत नाही.

गवानच्याच काळात रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन हा व्यापारी दख्खनमध्ये फिरत होता. तो चौलला उतरला होता. विकायला एक घोडा बरोबर आणला होता, त्या घोड्यापायी जुन्नरला त्याला पुष्कळ मनस्ताप झाला. शेवटी बीदर वगैरे पाहून घराच्या ओढीने तो दाभोळला आला आणि इथून होर्मुझच्या जहाजावर चढला. घरी मात्र पोचला नाही. गाव गाठण्याआधीच वाटेत वारला. मागे राहिलेल्या त्याच्या टिपणांत दाभोळचे वर्णन आहे ते घोड्यांचे मोठे बंदर म्हणून. दख्खनमध्ये लढाईच्या तोलाचे घोडे पैदा होत नसत. अरबस्तान आणि इराणातून ते जहाजांनी येत, दाभोळला उतरत आणि घाट चढून पठारावर जात. पठारावरचे कापड उलट वाटेने खाली येई. म्हणजे बीदर-दौलताबादच्या किल्ल्यांतले घोडदळ या खाडीच्या जोरावर उभे होते.

मग पोर्तुगीज आले. चौलच्या लढाईत त्यांच्या व्हाइसरॉयचा, फ्रान्सिस्को द आल्मेदाचा, मुलगा मारला गेला होता. त्याचा सूड म्हणून डिसेंबर १५०८ च्या अखेरीस आल्मेदाने दाभोळवर हल्ला केला, कत्तल केली आणि शहर जाळले. दाभोळ त्यानंतरही उठले, मशीद त्यानंतरची आहे, सतराव्या शतकात ते शिवाजी महाराजांच्या राज्यात आले. पण समुद्रावर परवाने पोर्तुगीजांचे चालू लागले, पुढे मुंबई वाढली आणि मोठा व्यापार तिकडे गेला. नंतर दाभोळला थांबत असत त्या मुंबईच्या आगबोटी. त्यांतून चाकरमानी उतरत. आगबोटीही बंद झाल्याला आता काही दशके झाली.

चंडिकादेवीच्या दर्शनाला गेलो. देऊळ जमिनीखाली, गुहेत आहे. आत विजेचा दिवा नाही, तेलाच्या समयांच्या उजेडात वाकून, भिंतीला हात लावत जावे लागते. बाहेर आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, 'देवीला अंधार चालतो, तिच्या खाडीतून मात्र साऱ्या महाराष्ट्राची वीज वाहून गेली.'

दुपारी परतीच्या तरीची वाट पाहत धक्क्यावर बसलो. शेजारी एक निवृत्त शिक्षक होते. पुलाचा विषय त्यांनीच काढला. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता न्यावा, ही कल्पना १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुल्यांची. त्या सागरी महामार्गात मोठ्या खाड्यांवर पूल आहेत, आणि दाभोळच्या खाडीवरही पूल प्रस्तावित आहे.

'मग ही तर जाईल,' मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडी हळहळ असावी.

'जाईल की,' गुरुजी म्हणाले. 'तुम्ही वर्षातून एकदा येणार, तुम्हाला ती गंमत. इथं शेवटची फेरी गेल्यावर एखादी बाई अडली, कोणाच्या छातीत कळ आली, की पलीकडचे दिवे नुसते बघत बसायचे. पूल हवाच हो. बोटीवर पोरं कामाला आहेत, त्यांचं काय ते मात्र बघायला पाहिजे.'

मला त्यांचे म्हणणे पटले. ज्याला रोज ओलांडावी लागते त्याने खाडीबद्दल बोलावे, आपण ऐकावे. मासेमारी कशी चालली आहे, असे मी विचारले, तर त्यांनी मान हलवली. वरच्या अंगाला लोटे परशुरामची रासायनिक वसाहत आहे. तिचे सांडपाणी खाडीत आले की मासे मरून वर येतात. ही तक्रार इथे काही दशकांची आहे.

बोट आली, फळी पडली, आम्ही चढलो. यावेळी कठड्याशी उभे राहून मी खाली पाण्याकडे पाहत होतो. भरती संपून ओहोटी लागली होती. पाणी समुद्राकडे निघाले होते, गढूळ हिरवे, संथ. आणि बँकेतली जुनी खोड म्हणा, मी मनातल्या मनात आकडे मांडू लागलो.

कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने कोयनेच्या विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. आमच्या पैठणच्या जायकवाडीचा उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे जायकवाडी पूर्ण भरले, तर त्यातून वापरता येईल त्याच्या जवळपास नऊ-दशांश पाणी दरवर्षी या खाडीतून समुद्रात जाऊ शकते. लिटरात मांडले तर सुमारे एक लाख एक्क्याण्णव हजार कोटी लिटर. हे आकडे मोठे, डोक्यात मावत नाहीत, म्हणून मी ते तरीच्या मापाने मोजले. तरीला खाडी ओलांडायला पंधराएक मिनिटे लागतात. वर्षाची सरासरी धरली, तर तेवढ्या वेळात कोयनेचे सुमारे साडेपाच कोटी लिटर पाणी बोटीखालून निघून जाते. दहा हजार लिटरचे साडेपाच हजार टँकर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेले होते. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते आणि ती गाडी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. तशा शंभराहून अधिक गाड्या, एका फेरीच्या वेळात.

मी हा हिशेब सौभाग्यवतींना सांगितला. त्यांनी पदर सावरला आणि पाण्याकडे पाहून म्हणाल्या, 'एवढं पाणी चाललंय, आणि आपल्याकडं घागरीला नंबर लावायचा?'

प्रश्न सोपा होता. उत्तर सोपे नाही, आणि ते सोपे करून सांगणाऱ्या पुढाऱ्यांवर आपण फार विसंबू नये. हे पाणी कड्यावरून खाली पडते म्हणूनच वीज मिळते. ते पुन्हा वर चढवायचे तर मिळाली त्याहून अधिक वीज लागेल. वळवायचेच नाही, पूर्वेलाच सोडायचे म्हटले, तर संध्याकाळच्या विजेची भरपाई दुसरीकडून करावी लागेल. शिवाय कोयना कृष्णेच्या खोऱ्यातली. आमचे मंठा गोदावरीच्या खोऱ्यात, तेव्हा त्या पाण्यावर आमचा कायद्याने हक्कही नाही. मराठवाड्यातला धाराशिव आणि बीडचा जो भाग कृष्णेच्या खोऱ्यात येतो, त्याच्यासाठी कृष्णा-मराठवाडा योजना आखलेली आहे, आणि तिची वाट पाहण्यात लोकांची उमर चालली आहे. कोकणात वाहून जाणारे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आणण्याच्या योजनांची चर्चा दर निवडणुकीत होते. खुद्द कोकणातल्या डोंगरवाड्यांनाही एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो, हे मी गुहागरलाच ऐकले. कोयनेचे पाणी ज्यांच्या गावावरून जाते त्यांना ते पुरात मिळते, उन्हाळ्यात वाडीवर चढत नाही.

ताळेबंदाला दोन बाजू असतात. कोयनेच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला वीज आहे आणि ती आपण सगळ्यांनी वापरलेली आहे. मंठ्यात रात्री अभ्यास करणाऱ्या पोराच्या दिव्यात ती आहे, शेतावरच्या पंपात आहे. खर्चाच्या बाजूला हे पाणी आहे. खर्चाची बाजू कोणी वाचायचीच नाही, असा मात्र कुठला नियम नाही. साठ वर्षांपूर्वी हा हिशेब मांडला तेव्हा वीज फार थोडी होती आणि पाणी पुष्कळ आहे असे वाटत होते. आज ऊन आणि वारा यांपासून वीज करता येते. पाणी मात्र अजून कशापासून करता येत नाही. साठ वर्षांनी खाते पुन्हा तपासायला हरकत नसावी, आणि तपासताना चिपळूणचा माणूस, दाभोळचा खारवी आणि आमच्याकडचा कोरडवाहू शेतकरी असे तिघेही टेबलाशी असावेत.

हे सारे मंठ्यात बसूनही पुस्तकांतून आणि अहवालांतून कळले असते. पण कळणे वेगळे आणि ते पाणी पायाखालून जाताना पाहणे वेगळे. म्हणून माझे वाचकांना सांगणे आहे, विशेषतः आमच्या मराठवाड्यातल्या कुटुंबांना. दिवाळीच्या आधी किंवा नंतर चार दिवस काढा. मुलांना घेऊन कोयनेच्या वाटेने खाली उतरा, भरलेले धरण दाखवा, घाट दाखवा, धोपाव्याला तरीवर चढा. वरच्या मजल्यावर उभे राहून त्यांना सांगा, की महमूद गवान इथे उतरला होता, निकितिन इथून गेला होता, आपल्या किल्ल्यांतले घोडे याच खाडीतून आले होते, आणि आपल्या घरात दिवा लावून आलेले पाणी आत्ता या बोटीखालून चालले आहे. समुद्र परक्यांचा आहे असे त्यांना मग वाटणार नाही.

जमले तर हे लवकर करा. पूल होईल, आणि व्हायलाच हवा. दाभोळच्या आजारी माणसाने पलीकडच्या दिव्यांकडे पाहत रात्र का काढावी? मात्र पुलावर गाडी थांबवायला मनाई असते. खाडी दोन मिनिटांत मागे पडेल, आणि खालून काय चालले आहे हे विचारायला एखाद्या पोराने तोंड उघडेपर्यंत गुहागरची पाटी आलेली असेल.